जळकी नारिंगी शाई

३ जानेवारी, शुक्रवार

जळका! दुसरा शब्द नाही.

भूमिकाने नव्या वर्षाची भेट म्हणून शाईची बाटली आणली, आणि ही डायरी. "अज्जा, भरा की पेनात. रंग तरी बघा." भरली. दोन ओळी लिहिल्या. जळका गूळ पाण्यात कालवून बाटलीत ओतलाय — हे माझं मत. बाटलीवर इंग्रजीत 'बर्न्ट ऑरेंज' असं छापलंयच. म्हणजे कंपनीनेच कबूल केलंय, मी वेगळं काय सांगतोय?

नातीचं तोंड एवढंसं झालं. कॉलेज संपवून नोकरीला लागलेली मुलगी, आणि शाईवरून तोंड पाडून बसते. "तुम्हाला खरंच असा दिसतो?" म्हणाली. असा म्हणजे कसा? आहे तसा दिसतो. एकेचाळीस हंगाम मी मार्केट यार्डात रंग बघून गुळाची प्रत ठरवत आलोय. सुरीने गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, टवका काढायचा, उजेडात धरायचा, एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर सौदा उभा राहतो. आमचं अडत दुकान आता मुलगा शिवप्रसाद बघतो, पण टवका अजून माझ्याच हातात येतो. आणि मला शाईचा रंग कळणार नाही?

तरी बाटली टाकून देणार नाही. पोरीने हौसेने आणलीय. संपेपर्यंत याच शाईने लिहिणार. ठरलं.

५ जानेवारी, रविवार

खोटं कशाला बोलू, रंग सोडला तर शाई चांगली आहे. निबात अडकत नाही. सकाळी टोपण काढलं की पहिल्या अक्षरापासून वाहते. माझं पेन जुनं, निब जाड, तरी कागदाच्या मागे फुटत नाही. जिथे हात रेंगाळतो तिथे रंग साठतो, जिथे पळतो तिथे विरळ पडतो. एकाच 'क'मध्ये दोन छटा. निळ्या शाईत हे कधी पाहिलं नव्हतं. बोटांना लागली की दोन दिवस निघत नाही, तेवढा दोष.

पण ओली असताना जरा उजळ आणि सुकली की आणखी काळपट. गुळाचं उलट असतं. काहिलीत, गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईत, गडद दिसतो, घोटून थंड झाला की उजळतो. म्हणून गुळव्याला — पाक कधी उतरवायचा ते ठरवतो त्याला — पुढचा रंग आधी दिसावा लागतो. जरा घाई झाली तर गूळ कच्चा, मऊ. जरा उशीर झाला तर जळका.

जोतीरामला तो रंग दिसायचा. आता नाही दिसत. असो.

७ जानेवारी, मंगळवार

लोकांची मतं घेतली. घरात वाद नको म्हणून. पानावर एक जाड रेघ मारली आणि भेटेल त्याला विचारलं, हा रंग कुठला?

बायको, शांतव्वा: "गाजराच्या हलव्यागत हाय." दूधवाला: "भगवा की ओ." शिवप्रसाद, मोबाइलमधून डोकं वर न काढता: "नारिंगी." शेजारचे गणपतराव बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चांगला हाय." अरे, रंग विचारला, तब्येत नाही विचारली! बँकेतल्या बाईंनी तर विचारायच्या आधीच सांगितलं, "काका, फॉर्म निळ्या नाहीतर काळ्या पेनाने भरून आणा. हा असला केशरी चालत नाही." भर रांगेतून परत पाठवलं.

जळका म्हणायला एकही तयार नाही. पाचातली पाच माणसं चुकीची. होतं असं. सौद्यातही पन्नास माणसं उभी असतात, रंग एखाद्यालाच कळतो.

८ जानेवारी, बुधवार

विजयसिंह येऊन गेले. मुरगूडचं गुऱ्हाळ त्यांचं. चहा झाला, उसाच्या तोडीच्या गप्पा झाल्या, मग मुद्द्यावर आले. "अण्णा, जोतीरामला ठेवायचा का काढायचा, तुमी लेखी द्या. तुमचा कागद असला की भाऊबंद गप बसतील." नेसरीचा एक गुळव्या त्यांनी बघून ठेवलाय.

झालं ते इथे लिहून ठेवतो. तीस वर्षं जोतीराम त्या गुऱ्हाळावर गुळव्या आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण मैत्री बरोबरीची. त्याचा गूळ माझ्या सुरीखालून गेला नाही असा एक हंगाम नाही. मागची दोन वर्षं तर त्याचा रंग असा, की मी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. पावसाळ्यात गोदामात त्या गुळाला पाणी सुटलं, रवे मऊ पडले, विजयसिंहांनी त्याला फैलावर घेतलं — ते वेगळं. रंगाला नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि यंदा दिवाळीच्या पाडव्याला, मुहूर्ताच्या सौद्यात, टवका काढला — जळका. दुसरा रवा, जळका. तिसरा, तोच. सगळे बघतायत. मी म्हटलं, "जोतीराम, तुझा डोळा गेला. आता घरी बस." सौद्यात हळू बोलायची सवय नाही मला. तो म्हणाला, "अण्णा, येकदा परत बगा." एवढंच. मी नाही बघितलं. एकदा बोललो की बोललो. तेव्हापासून त्याचं-माझं बोलणं नाही.

त्यातलाच एक टवका डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलाय. पुरावा. उद्या कुणी म्हणायला नको की अण्णांनी आकसाने सांगितलं.

विजयसिंहांना म्हटलं, देतो लिहून.

११ जानेवारी, शनिवार

सदऱ्यांवरून शांतव्वाशी वाजलं. सगळे पिवळट पडलेत. नीळ घाल म्हणून चारदा सांगितलं. तिने सदरा माझ्या नाकासमोर धरला. "ह्यो पिवळा? अवो, ह्याच्याकडं बघून डोळं दिपत्यात की!" मी म्हटलं दूधसुद्धा पिवळट येतंय, दूधवाला हळद घालतो की काय. तर पदर तोंडाला लावून हसत सुटली.

भूमिका हसली नाही. "अज्जा, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला होता?" म्हणाली. चष्म्याचा आणि निळीचा काय संबंध?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दर वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी मुरगूडच्या एस.टी.तून जोतीरामकडची छोटी ढेप यायची. तिळगुळासाठी. धुतलेल्या फडक्यात बांधलेली. शिवप्रसाद स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून घेऊन यायचा. तीस वर्षांत चुकली नाही. काल शिवप्रसाद सवयीने स्टँडवर गेला आणि मोकळा परत आला.

शांतव्वाने दुकानातला गूळ घेऊन लाडू केले. नीट वळले नाहीत.

मला वाईट वाटलं. वाटलं ते लिहितो. पण मला वाईट वाटतं म्हणून गुळाचा रंग बदलत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सदऱ्यावर शाई सांडली. शांतव्वा: "बरं झालं. आता खरंच रंगीत हाय."

१६ जानेवारी, गुरुवार

बाटलीच खराब असणार असा संशय आला, म्हणून सोहेलच्या दुकानात गेलो. हे पेन त्याच्या वडिलांनी मला विकलेलं. म्हटलं, शाई जुनी आहे, काळी पडलीय, बदलून दे. त्याने गल्ल्यावरच नवी सीलबंद बाटली फोडली, काडी बुडवून कागदावर रेघ ओढली, माझ्या शाईची रेघ शेजारी ओढली. "सेम टू सेम की ओ अण्णा."

मी म्हटलं, मग दोन्ही जळक्या. तो म्हणाला, "ते नुसतं नाव हाय बाटलीचं. कंपनीला कायतर नाव लागतंय. रंग बघा की कसला खुलतोय!" विकणारा माणूस दुसरं काय बोलणार?

निघताना म्हणाला, "तुमच्या नातीनं पंधरा बाटल्या उघडायला लावल्या. डबीत कायतर आणलंतं, त्याच्याशी ताडून बघत हुती. अर्धा तास गेला." ओढणीचा रंग जुळवत असेल. पोरींचं काही सांगता येत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

भूमिकाने हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तहरीम म्हणून आहेत, वयाने लहान, बोलायला सडेतोड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेला. "काका, भिंगाचा रंग तपकिरी झालाय तुमच्या. किती वर्षं अंगावर काढलंत?" मी म्हटलं, जरा धूसर दिसतं हे मान्य. बाई म्हणाल्या, "नुसतं धूसर नाही. चहाच्या काचेतून बघितल्यासारखं बघताय तुम्ही सगळं."

मला ते पटलं नाही. सगळंच तपकिरी दिसत असतं तर मला कळलं नसतं का? रंग हा माझा धंदा आहे. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्या हसल्या आणि तीस तारीख दिली. आधी उजवा डोळा. डावा महिन्याने.

घरी आल्यावर भूमिका गयावया करायला लागली. "अज्जा, विजयसिंहकाकांचं पत्र तेवढं ऑपरेशन झाल्यावर लिहा. बारा दिवसांचा तर प्रश्न आहे." म्हणजे हिच्या मते मी रंग ओळखत नाही! जेवलो नाही.

१९ जानेवारी, रविवार

पत्र लिहिलं. शब्द दिला होता. हंगाम अर्धा सरलाय, रोज गूळ पडतोय, त्या माणसाला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. आणि ऑपरेशन झाल्यावर लिहिलं तर त्याचा अर्थ असा होईल की आज मला स्वतःवर भरवसा नाही. भरवसा आहे.

याच शाईने लिहिलं. मजकूर असा — 'जोतीराम यांनी तीस वर्षे उत्तम काम केले. तथापि चालू हंगामातील त्यांचा गूळ मी स्वतः पाहिला असून तो जळका आहे. पाकाची वेळ त्यांना आता साधत नाही. दुसरा माणूस नेमावा असे माझे मत आहे.'

'तथापि' लिहिताना पेन जरा थांबलं, तिथे शाई साठली. सही मात्र झकास आली.

२० जानेवारी, सोमवार

पत्र शिवप्रसादबरोबर मुरगूडला पाठवलं. भूमिका माझ्याशी बोलत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

शाईवर उपाय सापडला! वाटीत थोडी शाई घेतली आणि थेंबाथेंबाने पाणी घालत गेलो. दहा थेंब, पंधरा, वीस. पंचविसाव्या थेंबाला हवा तसा रंग उतरला. हे आजचं सगळं त्याच शाईने लिहितोय. बघा, याला म्हणतात रंग. वेळेवर उतरलेल्या पाकासारखा. इतके दिवस हे सुचलं कसं नाही?

शांतव्वाला पान दाखवलं. "काय लिवलायसा ह्यात? पानी सांडल्यागत दिसतंय." तिचाही चष्मा बदलायला झालाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

विजयसिंहांचा फोन. जोतीरामला काल काढला. माझं पत्र भाऊबंदांसमोर वाचून दाखवलं म्हणे. मी विचारलं, काही बोलला का तो? "कायच न्हाय. पत्र हातात मागून घेतलं, सही बघितली. काहिलीला हात लावला, पाया पडला आणि गेला."

हा माणूस भांडायला हवा होता. मी त्याच्या जागी असतो तर यार्डात येऊन माझीच गचांडी धरली असती. तीस वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नाही, आणि आत्ताही नाही.

आज शाई फार काळी दिसतेय. पाण्याची वाटी मोरीत ओतून टाकली.

२९ जानेवारी, बुधवार

उद्या ऑपरेशन. भीती वाटत नाही. थोडी वाटते.

३० जानेवारी, गुरुवार

झालं. पंधरा मिनिटांत. उजव्यावर पट्टी आहे, डाव्याने लिहितोय, ओळी उतरणीला लागल्यात. भूमिका हात धरून घरी घेऊन आली. बोलली आज.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल सकाळी पट्टी काढली. काल लिहिलं नाही. डॉक्टरबाईंनी वाचू-लिहू नका म्हणून सांगितलंय हे निमित्त झालं. खरं म्हणजे डायरी उघडायची भीती वाटली. कारण पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दिसला तो बाईंचा कोट, आणि तो पांढरा होता. पांढरा! हा रंग असा असतो हे मी विसरून गेलो होतो. रिक्षातून येताना आभाळ निळं. शांतव्वाचं नेहमीचं तपकिरी लुगडं जांभळं निघालं, पाच वर्षं नेसतेय म्हणे. घरी आल्याआल्या कपाटातले सगळे सदरे बाहेर काढले. एकही पिवळा नाही. "नीळ घालू काय आता?" शांतव्वाने विचारलं. मी सदऱ्यांच्या घड्या घालायला लागलो.

आज सकाळी खिडकीत बसलो आणि डायरीचं पहिलं पान काढलं. 'जळका! दुसरा शब्द नाही.' माझंच अक्षर. आणि ते जळकं नव्हतं.

डावा डोळा मिटला. चांगल्या पाकाचा रंग. तांबूस, वेळेवर उतरलेला, आतून उजेड असलेला. उजवा मिटून डाव्याने बघितलं. जळका. पुन्हा डावा मिटला, पुन्हा उजवा. दहा वेळा केलं. बावीस तारखेचं पान, ज्याच्यावर मी एवढा खूश होतो, ते तर नव्या डोळ्याला धड वाचताच येईना. नुसतं पिवळं पाणी.

मग उठून फ्रिजमधला डबा काढला. पाडव्याचा टवका. खिडकीत आणून शाईशेजारी धरला. तोच रंग. कुणीतरी मोजूनमापून केल्यासारखा तोच.

भूमिका दारात उभी होती. "तोच टवका घेऊन गेलते मी सोहेलच्या दुकानात," म्हणाली. "त्याच्याशी जुळणारी शाई शोधली. म्हटलं, रोज लिहाल, सगळे बघतील, कधीतरी तुमच्या लक्षात येईल." मी विचारलं, सरळ सांगायचं नाही का? "सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

नसतं ऐकलं.

जोतीरामचा गूळ चांगला होता. मी चांगल्या गुळाला जळका म्हटलं. भर सौद्यात म्हटलं, आणि मग शाईने लिहून दिलं. त्याचं काम माझ्या सहीने गेलं. लाज वाटते. बाईंनी सांगितलंय डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आतून आलेल्याचं काय करायचं ते सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

विजयसिंहांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, अण्णा. नेसरीचा माणूस आलाय, त्याला आता कसा परत पाठवू? फुडच्या हंगामाला बघू. तुमी कुठं बोलू नका. ह्या वयात नाव कशाला घालवून घेताय?"

शिवप्रसादचंही तेच. "अप्पा, एक पत्र लिहा, माफी मागा, झालं. यार्डात बोललात तर लोक विचारतील, किती वर्षांचे सौदे चुकले? दुकानाकडे कोण येईल?"

त्याचं खरं आहे. मीही दोन दिवस हेच मोजत बसलो होतो. पण मी जे चारचौघांत बोललो ते घरात बसून मागे कसं घेणार? जोतीरामला 'तुझा डोळा गेला' हे फोनवर नव्हतं सांगितलं.

बुधवारी सौदा आहे. जाणार. नवं पत्रही लिहिलंय. याच शाईने, पाणी न घालता.

५ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आलो. यार्डात धूळ फार, म्हणून शांतव्वाने काळा चष्मा घातल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. सौदा सुरू व्हायच्या आधी मधोमध उभा राहिलो आणि चष्मा काढला.

म्हटलं, पाडव्याला मी जोतीरामच्या गुळाला जळका म्हणालो. गूळ चांगला होता. डोळा माझा गेला होता, त्याचा नाही. तो कधीपासून गेला मला माहीत नाही. म्हणून गेल्या तीन-चार हंगामांत ज्याच्या-ज्याच्या गुळाला मी नाव ठेवलं, त्या सगळ्यांची माफी मागतो.

एक व्यापारी खोकला. मागून एक म्हातारा हमाल म्हणाला, "आता कसं मोकळं बोललासा, अण्णा." त्यावर दोघं-तिघं हसले, आणि मला बरं वाटलं. एक शेतकरी मात्र माझ्याकडे बघून थुंकला आणि निघून गेला. त्याचंही बरोबर आहे. त्याच्या गुळाला मी काय म्हणालो होतो ते आठवत नाही.

सुरी शिवप्रसादच्या हातात दिली. "डावा डोळा होईपर्यंत टवका तू बघ. त्याच्यानंतरचं त्याच्यानंतर."

विजयसिंह खांबापाशी उभे होते. पत्र त्यांना तिथेच दिलं. त्यांनी उभ्या-उभ्या वाचलं, घडी घातली. "लई हट्टी हायसा," म्हणाले. "बोलावतो त्याला."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

विजयसिंहांचा निरोप आला. जोतीराम आधी नको म्हणाला. मग म्हणाला, नेसरीवाल्याला काढणार नसाल तर येतो, दोघं मिळून करू. काल संध्याकाळी कामावर गेला.

माझ्याबद्दल काही बोलला का, हे विचारायचं धाडस झालं नाही. रविवारी मुरगूडला जायचं. भूमिका स्कूटरवरून नेते म्हणाली, शांतव्वा म्हणाली एस.टी.ने जा. एस.टी.ने जाणार.

९ फेब्रुवारी, रविवार

जोतीराम काहिलीपाशी उभा होता. मी माफी मागितली. त्याने पाकावरची नजर न काढता ऐकून घेतली.

मग म्हणाला, "डोळ्याचं मला तीन सालामागंच कळलंतं, अण्णा. चांगला गूळ तुमी जळका म्हणाया लागलासा. मग तुमच्या डोळ्याला बरा दिसंल असा दोन सालं मी पाक आदीच उतरवत हुतो. कच्चा ऱ्हायाचा. पावसाळ्यात पानी सुटायचं. मालक बोलायचं, ते ऐकून घ्यायाचं. औंदा मालक म्हणलं, पक्का कर न्हायतर घरी जा. केला पक्का."

मी विचारलं, अरे, मग मला सांगितलं का नाहीस?

"सौद्यावर तुमचा शब्द चालत हुता की. त्यो मी कशाला मोडू?"

त्याने पळीभर पाक उचलून माझ्यापुढे धरला. "आता बगा. उतरू?"

तूच बघ, म्हटलं.